पैलतीराचा नकाशा

सदर : भूगोलाच्या पानांतून

गणेशोत्सवाच्या स्मरणिकेतील या सदरात आपण आजवर नद्या पाहिल्या, पर्वत पाहिले, वाळवंटेही पाहिली. या वर्षी एक सागरतीर पाहावयाचे आहे. विषय मात्र पुस्तकातून सुचलेला नाही. गेल्या वर्षी विसर्जनाच्या दिवशी आरती आटोपून प्रसाद वाटला जात असता मंडळातील एक मुलगी हातात कागद घेऊन माझ्यापाशी आली. मॉरिशसच्या स्थलांतरितांच्या नोंदवहीतील एका पानाची ती प्रत होती. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी असा एखादा कागद जपून ठेवलेला असतो. त्यावर एक अनुक्रमांक, एक नाव, बापाचे नाव, वय, उंची, अंगावरील खूण आणि शेवटी जिल्हा व गाव. जिल्हा रत्नागिरी, एवढे स्पष्ट होते. गावाचे नाव कारकुनाच्या कानाला जसे ऐकू आले तसे त्याने इंग्रजी अक्षरांत उतरवले होते. मुलीने विचारले, "गुरुजी, हे गाव नकाशावर कुठे आहे? दोन महिने मी शोधते आहे."

मला उत्तर देता आले नाही. खरे सांगावयाचे तर माझ्या खापरपणजोबांच्या कागदावरील गावही मला वीस वर्षांत सापडलेले नाही. जो इसम उभी हयात मुलांना नकाशा वाचावयास शिकवतो, त्याला आपल्याच घराची वाट नकाशावर दाखवता येऊ नये, ही गोष्ट मनाला फार लागली.

त्यानंतर वसंत ऋतूत शाळेतील मुलांना घेऊन व्हर्जिनिया राज्याच्या ईस्टर्न शोअर या भागात जाण्याचा योग आला. तेथे आम्ही त्या भूमीचे जुने नकाशे आणि जुनी दप्तरे यांचा अभ्यास केला. आपले गाव मला तेथे सापडणार नव्हते हे उघड आहे. परंतु त्या मुलीला काय सांगावे, हे मात्र मला तेथे उमगले. म्हणून आज ही सफर आपणा सर्वांना घडवतो.

प्रथम ती भूमी पाहू. अमेरिकेच्या पूर्वेस अटलांटिक महासागरात उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरलेले एक लांबट द्वीपकल्प आहे. डेलावेअर, मेरीलँड आणि व्हर्जिनिया या तीन राज्यांत ते विभागलेले असल्यामुळे तिन्ही नावांचे तुकडे जोडून त्याला डेलमार्वा असे म्हणतात. त्याचे दक्षिण टोक व्हर्जिनियाकडे आहे. सुमारे सत्तर मैल लांबीचा हा पट्टा ॲकोमॅक आणि नॉर्थॅम्प्टन या दोन काउंट्यांत वाटला गेला आहे. पश्चिमेस चेसापीक उपसागर, पूर्वेस खुला महासागर. दक्षिण भागात तर कित्येक ठिकाणी मधली जमीन पाच-सहा मैलांहून अधिक रुंद नाही. उंची म्हणाल तर सगळ्यांत उंच जागाही समुद्रसपाटीपासून पन्नास-साठ फुटांपलीकडे जात नाही. आपल्या पूर्वजांच्या कोकणात समुद्राकडे पाठ केली की सह्याद्री समोर उभा राहतो. येथे पाठ केली की दुसरा समुद्रच समोर येतो.

उपसागराच्या बाजूस बोटांसारख्या आत शिरलेल्या अनेक खाड्या आहेत. महासागराच्या बाजूचे दृश्य वेगळेच आहे. तेथे प्रथम खाजणाचा हिरवा पट्टा लागतो. भरतीला तो पाण्याखाली जातो आणि ओहोटीला गवताचे कुरण होऊन बाहेर येतो. त्यापुढे उथळ, शांत पाणी आणि त्यापलीकडे वाळूच्या बेटांची एक माळ. ॲसाटीग, मेटॉम्पकिन, सीडर, पॅरामोर, हॉग, कॉब, स्मिथ ही त्यांतील काही नावे. मॉरिशसमध्ये प्रवाळांचा कडा बाहेरची लाट अडवून आतले पाणी निश्चल ठेवतो, हे आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिलेले आहे. येथे तेच काम वाळू करते. भेद इतकाच, की प्रवाळाचा कडा जागच्या जागी राहतो आणि वाळूचे बेट चालते. वादळात लाटा बेटाच्या पुळणीवरील वाळू उचलून मागच्या खाजणावर टाकतात. असे वारंवार घडून संपूर्ण बेटच हळूहळू मुख्य भूमीकडे सरकत जाते.

या भूमीच्या पोटातही एक नवल आहे. सुमारे साडेतीन कोटी वर्षांपूर्वी आकाशातून एक प्रचंड पिंड येथे कोसळला. त्याने पाडलेल्या विवराचा मध्य केप चार्ल्स या गावाच्या आसपास येतो आणि त्याचा व्यास सुमारे पंच्याऐंशी किलोमीटर भरतो. विवर गाळाने केव्हाच भरून गेले. वरून पाहणाऱ्याला त्याची पुसटही खूण दिसत नाही. वीस शतके संपत आली तेव्हा कोठे शास्त्रज्ञांना जमिनीत छिद्रे पाडून ते ओळखता आले. मुलांना मी म्हटले, नकाशावर जे दिसत नाही ते नसतेच असे समजू नका.

आता नावांकडे वळू. ॲकोमॅक हा शब्द तेथील मूळ रहिवाशांच्या अल्गाँक्वियन भाषेतील आहे. त्याचा अर्थ पाण्यापलीकडची जागा असा सांगतात. आपल्या भाषेत म्हणावयाचे तर पैलतीर. हे नाव मला फार अर्थपूर्ण वाटले. कोणतेही तीर स्वतःला पैलतीर म्हणत नाही, अलीकडे उभा असलेला माणूस त्याला तसे म्हणतो. आपल्या पूर्वजांना मुंबई बंदरातून मॉरिशस पैलतीर होते, त्यांच्या नातवंडांना मॉरिशसमधून कोकण पैलतीर झाले आणि आज आपल्याला ती दोन्ही पैलतीरे आहेत.

इंग्रज वसाहतवाले आले तेव्हा त्यांनी उपसागराच्या मुखाशी असलेल्या दोन भूशिरांना आपल्या राजाच्या मुलांची, हेन्री आणि चार्ल्स यांची नावे दिली. १६३४ साली व्हर्जिनियाचे आठ भाग पाडण्यात आले, त्यांत हा एक होता आणि तेव्हा ॲकोमॅक हेच नाव टिकले. परंतु १६४३ साली ते बदलून नॉर्थॅम्प्टन ठेवण्यात आले. मौज अशी, की इंग्लंडातील नॉर्थॅम्प्टनशायर हा परगणा चहूंकडून जमिनीने वेढलेला आहे. दोन समुद्रांत उभ्या असलेल्या भूमीला त्याचे नाव मिळाले. पुढे १६६३ साली उत्तरेचा भाग वेगळा झाला आणि जुने ॲकोमॅक नाव त्याला परत मिळाले. काउंट्यांची नावे अशी बदलत राहिली. खाड्यांची नावे मात्र नासावॉडॉक्स, मॅचिपंगो, पंगोटीग, ओनॅनकॉक अशी मूळचीच राहिली. कारण नावाड्याला वाट विचारावी लागते आणि वाट सांगणारा जे नाव उच्चारतो तेच तोंडी बसते.

कोकणच्या किनाऱ्यावरही हाच प्रकार घडलेला आहे. इंग्रजांच्या जुन्या कागदांत बाणकोट हे फोर्ट व्हिक्टोरिया म्हणून येते, विजयदुर्ग घेरिया या नावाने येतो आणि सुवर्णदुर्गाचे सेव्हर्नड्रूग होते. जेथे किल्ल्यांची ही गत, तेथे एखाद्या वाडीच्या नावाचे कारकुनाने काय केले असेल, याची कल्पना करावी.

या किनाऱ्याचा पहिला महत्त्वाचा नकाशा कॅप्टन जॉन स्मिथ याचा. १६०८ सालच्या उन्हाळ्यात तो मोजक्या सोबत्यांनिशी एका उघड्या पडावातून उपसागरभर फिरला. त्याचा नकाशा १६१२ साली ऑक्सफर्ड येथे छापला गेला, विल्यम होल याने तो कोरला होता. या नकाशात पश्चिम दिशा वरच्या अंगाला आहे, कारण समुद्रातून येणाऱ्याला भूमी तशीच समोर दिसते. आमच्या वर्गातील मुलांनी तो प्रथम आडवा धरला, मग उभा, आणि उत्तर वर नाही हे पाहून ती गोंधळली.

परंतु या नकाशातील एका गोष्टीने मला खिळवून ठेवले. नद्यांच्या वरच्या अंगाला ठिकठिकाणी लहान लहान फुल्या आहेत आणि नकाशाच्या कोपऱ्यात त्यांचा अर्थ दिलेला आहे. फुलीपर्यंतचा प्रदेश आम्ही स्वतः पाहिला, तेथून पुढचा तेथील लोकांच्या सांगण्यावरून काढला, असा त्याचा आशय आहे. स्मिथ हा काही विनयशील पुरुष नव्हता. आपल्या पराक्रमाच्या कथा त्याने भरपूर रंगवल्या आहेत. तथापि नकाशा काढताना त्याने दोन गोष्टी केल्या. ऐकीव म्हणून पुढचा प्रदेश त्याने कोरा सोडला नाही आणि ऐकलेल्याला पाहिलेले म्हणून खपवलेही नाही. दोन्ही एकाच कागदावर घेतले आणि मध्ये फुली मारली. या फुलीकडे आपण शेवटी परत येणार आहोत.

पुढचा मोठा नकाशा ऑगस्टिन हरमन या बोहेमियन गृहस्थाचा. सुमारे दहा वर्षे खपून त्याने व्हर्जिनिया आणि मेरीलँड यांचा नकाशा तयार केला आणि तो १६७३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. या श्रमाबद्दल मेरीलँडच्या मालकाने त्याला विस्तीर्ण जमीन दिली. त्या नकाशात पाण्याची खोली आहे, खाड्यांची वळणे आहेत, काठाकाठाने मळ्यांची चिन्हे आहेत. त्या मळ्यांत कोण राबत होते, हे मात्र नकाशा सांगत नाही.

याच सुमारास, १६६८ साली, व्हर्जिनिया आणि मेरीलँड यांच्यामधील सीमारेषा या द्वीपकल्पावर प्रत्यक्ष आखण्यात आली. व्हर्जिनियाकडून एडमंड स्कार्बरो आणि मेरीलँडकडून फिलिप कॅलव्हर्ट यांनी ती आखली. रेषा थेट पूर्वेकडे जावयास हवी होती. ती सुमारे पाच अंशांनी उत्तरेकडे कलली आणि पंधरा हजार एकरांच्या आसपास जमीन व्हर्जिनियाकडे गेली. होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेकडे न वळता थोडी बाजूला वळते, तिची दुरुस्ती केली गेली नाही, असे कोणी म्हणतात. स्कार्बरोचे चातुर्य, असे दुसरे म्हणतात. दोन राज्यांमधील हद्दीचा वाद १८७७ सालच्या लवादापर्यंत चालला. कागदावर सुई एवढीशी ढळली आणि कित्येक घरे एका सरकारातून दुसऱ्यात गेली. नकाशा चुकला तर त्याची शिक्षा नकाशाकाराला होत नाही, रेषेवर राहणाऱ्याला होते.

आता ज्या भागासाठी मी हा लेख लिहावयास घेतला तेथे आलो. जमीन मोजली गेली, परंतु ती वाटली कशी गेली? व्हर्जिनियात १६१८ पासून असा नियम होता, की जो कोणी आपल्या खर्चाने माणसाला समुद्रापलीकडून वसाहतीत आणील त्याला माणशी पन्नास एकर जमीन मिळावी. आणलेली माणसे बहुतेक गरीब इंग्रज होती. जहाजाचे भाडे देण्याची ऐपत नसल्यामुळे ती चार ते सात वर्षांच्या करारावर स्वतःला बांधून घेत. मुदत भरल्यावर त्यांना थोडे धान्य आणि कपडे मिळत. पन्नास एकर मिळत ते आणणाऱ्याला. म्हणजे जमिनीच्या दप्तरात या माणसांची नावे आहेत खरी, पण मालक म्हणून नव्हे, जमिनीचे मोल म्हणून. १६३० नंतरच्या दहा वर्षांत जेम्सटाउनच्या बाजूला एका श्रीमंत व्यापाऱ्याने सादर केलेल्या अशाच एका यादीत 'टोनी, ईस्ट इंडियन' असे नाव आढळते. हिंदुस्थानाकडून आलेल्या माणसाची या देशाच्या दप्तरातील ही फार जुनी नोंद मानली जाते. त्याचे खरे नाव काय, गाव कोणते, हे कोणालाही ठाऊक नाही. पन्नास एकरांचा हिशेब मात्र लागला.

वाचकहो, ही यादी वाचताना मला आपल्या कागदांची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. १८३४ पासून पुढे सुमारे साडेचार लाख माणसे करारावर मॉरिशसला गेली. त्यांत कोकणातून मुंबईमार्गे गेलेले आपले पूर्वज होते. आरंभीच्या करारांत पाच वर्षांची मुदत, महिना पाच रुपये आणि शिधा. पोर्ट लुईच्या धक्क्यावर प्रत्येकाला क्रमांक मिळाला. दोन शतकांचे आणि दोन महासागरांचे अंतर असूनही पद्धतीचे साम्य लपत नाही. मोजणीचे मापसुद्धा एकच आहे. एडमंड गंटर याने १६२० साली रूढ केलेली साखळी सहासष्ट फुटांची, तीमधूनच इंग्रजी एकर सहज मोजता येतो. मुंबई इलाख्यात मोजणी झाली तेव्हा तिच्या निम्म्या लांबीची, तेहतीस फुटांची साखळी घेऊन तिचे सोळा आणे पाडण्यात आले. तेहतीस फूट लांब आणि तितकेच रुंद म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. तेव्हा व्हर्जिनियात एका माणसाची किंमत झाली दोन हजार गुंठे. कोकणात ज्याच्यापाशी पाच गुंठेही नव्हते, तो माणूस मुंबई बंदराकडे निघाला.

नॉर्थॅम्प्टन काउंटीचे ठिकाण ईस्टव्हिल. तेथील न्यायालयाचे दप्तर १६३२ पासून अखंड राखलेले आहे. या देशात इतके जुने अखंड न्यायदप्तर दुसरे नाही. नकाशा ज्यांच्याविषयी मौन पाळतो ती माणसे या दप्तरात बोलतात. भांडणे, कर्जे, पळून जाणे, लग्ने, मृत्युपत्रे. त्यांतील एका घराण्याची कथा थोडक्यात सांगतो.

१६२१ साली अँटोनिओ नावाचा एक आफ्रिकी माणूस व्हर्जिनियात आणला गेला. तंबाखूच्या मळ्यात राबून तो कालांतराने बंधमुक्त झाला, अँथनी जॉन्सन असे नाव त्याने घेतले आणि पत्नी मेरीसह तो या पैलतीरावर येऊन राहिला. १६५१ साली पाच माणसांच्या हिशेबाने त्याला खाडीकाठी अडीचशे एकर जमीन मिळाली. १६५३ साली आगीत त्याचे फार नुकसान झाले, तेव्हा न्यायालयाने त्याच्या पत्नीचा व मुलींचा कर माफ केला. येथवर ऐकून वर्गातील मुले आनंदली. परंतु दप्तराचे पान उलटले की पुढची नोंद लागते. जॉन केसर नावाच्या आफ्रिकी माणसावर जॉन्सनने हक्क सांगितला, केसर म्हणत होता की माझी मुदत संपलेली आहे, आणि १६५५ साली न्यायालयाने केसरला जॉन्सनच्या हवाली केले, ते जन्मभरासाठी. ज्याने बंधन भोगले त्यानेच दुसऱ्याला बांधले.

ही नोंद गाळून कथा सांगणे सोपे होते. मी ती गाळली नाही. आपल्याही घराण्यांच्या कथांत मळ्यावर सरदार झालेला, आपल्याच माणसांवर आवाज चढवणारा एखादा पूर्वज असतो. त्याच्याविषयी घरात फारसे बोलत नाहीत. पण तोही आपलाच.

जॉन्सन कुटुंब पुढे सीमारेषा ओलांडून मेरीलँडमधील सॉमरसेट काउंटीत गेले. १६७० साली अँथनी वारला, आणि त्याच वर्षी व्हर्जिनियात असा निर्णय देण्यात आला, की तो कृष्णवर्णी, म्हणून परका, सबब त्याची तेथील जमीन राजाकडे जावी. राबणाऱ्यांच्या जोरावर जमीन मिळवणाऱ्याला ती राखता मात्र आली नाही. १६७७ साली त्याच्या नातवाने मेरीलँडमध्ये चव्वेचाळीस एकरांचा एक तुकडा विकत घेतला आणि त्या जमिनीला नाव दिले अंगोला. नातू या किनाऱ्यावर वाढलेला, अंगोला त्याने पाहिलेले असणे संभवत नाही. आजोबांच्या तोंडून ऐकले असेल तेवढेच. जॉन स्मिथच्या भाषेत म्हणावयाचे तर ते नाव फुलीच्या पलीकडचे होते. तरी त्याने ते जमिनीच्या कागदावर नोंदवले.

यापुढील नकाशे सरकारने काढले. १८०७ साली काँग्रेसने किनाऱ्याच्या मोजणीचा कायदा केला आणि फर्डिनंड हासलर या स्विस गणितज्ञाकडे ते काम आले. हिंदुस्थानात लँबटनने १८०२ साली मद्रासजवळ त्रिकोणमितीने महामोजणी आरंभली होती, तीच रीत येथेही होती. एक पायारेषा काटेकोर मोजावयाची आणि तिच्यावर त्रिकोणामागून त्रिकोण उभारीत जावयाचे. पुढे मोजणीदार तिपाईवर लाकडी फलक ठेवून, त्यावर कागद पसरून, खाजणाच्या काठाने चिखल तुडवीत फिरले आणि किनाऱ्याची रेषा जागच्या जागी काढीत गेले. त्या कागदांचा मूळ हेतू जहाजे सुखरूप जावीत एवढाच होता. आज त्यांचा उपयोग निराळा आहे. तेव्हाची रेषा आणि आताची रेषा एकावर एक ठेवली की समुद्राने किती घेतले ते कळते.

आणि समुद्राने पुष्कळ घेतले आहे. हिमयुगात उत्तरेकडे बर्फाचे प्रचंड ओझे होते. त्याच्या दाबाने बाजूची ही भूमी वर उचलली गेली होती, ती बर्फ वितळल्यापासून आजतागायत खाली बसत आहे. एकीकडे समुद्र चढतो, दुसरीकडे जमीन उतरते. ॲकोमॅक काउंटीतील टँजिअर बेटाची सुमारे दोन तृतीयांश जमीन १८५० नंतर नाहीशी झाली. हॉग बेटावर ब्रॉडवॉटर नावाचे गाव होते. सुमारे अडीचशे वस्ती, शाळा, चर्च, दीपगृह. १९३३ सालच्या ऑगस्टमधील वादळानंतर लोकांनी गाव सोडावयाचे ठरवले. कित्येकांनी आपली लाकडी घरे जशीच्या तशी तराफ्यांवर चढवून विलिस व्हार्फ आणि ऑइस्टर या मुख्य भूमीवरील गावांत आणून ठेवली. त्यांतील काही घरे अद्याप उभी आहेत. गावाची जागा, तेथील स्मशानभूमीसह, आता समुद्रात आहे. दीपगृहाचे भव्य भिंग पोर्ट्‌समथ शहराच्या धक्क्यावर ठेवलेले आहे. १९६४ सालच्या एप्रिलपासून उपसागराच्या मुखावर साडेसतरा मैलांचा पूल आणि बोगदे झाले, त्यामुळे पैलतीर आता मोटारीने गाठता येते. परंतु ब्रॉडवॉटरला जाणारी वाट कोणत्याच नकाशावर नाही.

तथापि सर्वच परत न येणारे असते असेही नाही. १९३० नंतर रोग आणि वादळ यांमुळे या उथळ पाण्यातील सागरी गवत समूळ नष्ट झाले होते. गेल्या सुमारे पंचवीस वर्षांत शास्त्रज्ञांनी आणि स्वयंसेवकांनी कोट्यवधी बिया हातांनी गोळा करून पाण्यात पेरल्या. आज तेथे नऊ हजार एकरांहून अधिक पाण्यात ते गवत पुन्हा डोलते आहे. आकाशातून घेतलेल्या छायाचित्रांवरून त्याचा नकाशाही काढतात.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो. परत आल्यावर मी तिला बोलावले आणि आम्ही दोघांनी तो कागद पुन्हा नीट पाहिला. पहिली गोष्ट अशी ध्यानात आली, की ती आजच्या रत्नागिरी जिल्ह्यात गाव शोधीत होती. १९८१ साली त्या जिल्ह्याचे दोन भाग होऊन दक्षिणेकडे सिंधुदुर्ग हा नवा जिल्हा झाला. देवगड, मालवण, वेंगुर्ले ही बंदरे तेव्हापासून त्या जिल्ह्यात आहेत. कागदावरील रत्नागिरी हा शब्द जुन्या, अखंड जिल्ह्याचा आहे. म्हणजे तिचा अर्धा प्रदेश पाहावयाचाच राहिला होता. दुसरी गोष्ट, कोकणातील गाव अनेक वाड्यांचे मिळून होते. सरकारी नकाशात मौजाचे नाव येते, वाडीचे बहुधा येत नाही. बंदरावर 'कोठला?' असे विचारल्यावर एखाद्याने वाडीचे नाव सांगितले असेल, तर ते मौजांच्या यादीत कसे सापडावे? तिसरी गोष्ट, जे नाव इंग्रजी अक्षरांत आहे ते आधी मराठीत मोठ्याने म्हणून पाहिले पाहिजे. ट आणि त, ड आणि द, ण आणि न यांतील भेद त्या अक्षरांत उरत नाही. एका शब्दाचे आम्ही सहा उच्चार केले.

मग मी तिला विचारले, घरात काय सांगतात? ती जरा संकोचली. आजी म्हणत असे, गावात कातळावर देवीचे देऊळ होते आणि उधाणाच्या भरतीला खाडीचे पाणी बांधापर्यंत येई. पण याला पुरावा काहीच नाही, असे ती म्हणाली. मी तिच्यापुढे स्मिथचा नकाशा ठेवला आणि फुल्या दाखवल्या.

मला जे सांगावयाचे आहे ते इतकेच. आपल्यापैकी काहीजण घरातील ऐकीव गोष्टी निरुपयोगी समजून टाकून देतात आणि कागदावर जेवढे आहे तेवढेच खरे मानतात. दुसरे काही ऐकलेल्यालाच इतिहास म्हणून मिरवतात, पणजोबांना किल्लेदार करतात आणि कागदाकडे पाहतही नाहीत. दोन्ही रीती अपुऱ्या आहेत. कागद लिहिणाऱ्याने आपल्या पूर्वजाची उंची मोजली, त्याच्या अंगावरील खूण पाहिली, पण देऊळ पाहिले नाही. आजीने देऊळ आठवणीत ठेवले, पण सालाची नोंद ठेवली नाही. दोन्ही एकाच पानावर घ्यावे आणि मध्ये फुली मारावी. पुढे कोणी जाऊन प्रत्यक्ष पाहिले, की ती फुली थोडी पुढे सरकवावी.

तिच्या वर्णनाप्रमाणे खाडीकाठचे, कातळावर देऊळ असलेले आणि नावाशी जुळणारे गाव आम्हाला एक नव्हे, दोन ठिकाणी दिसते. एक रत्नागिरीत, एक सिंधुदुर्गात. यांपैकी तिचे कोणते, की दोन्ही नव्हेत, हे अजून ठरलेले नाही. पुढील उन्हाळ्यात ती वडिलांसह तिकडे जाणार आहे. माझ्या खापरपणजोबांच्या गावाच्या नावाचेही मी आता नव्याने उच्चार करून पाहतो आहे.

या उत्सवात दुसऱ्या दिवशी दुपारी सभागृहाच्या मागील खोलीत मी जुन्या रत्नागिरी जिल्ह्याचा मोठा नकाशा भिंतीवर लावून बसणार आहे. ज्यांच्यापाशी नोंदवहीचा कागद असेल त्यांनी तो आणावा. ज्यांच्यापाशी कागद नसेल त्यांनी घरातील वृद्धांना बरोबर आणावे, ते अधिक मोलाचे. त्या बोलतील ते सारे मी लिहून घेईन. पेन्सिली आणि कागद माझ्यापाशी भरपूर आहेत.